‘उपमा नाश्त्याला बरा’ : अनामित यांना उत्तर

अनामित,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. उत्तर सकाळी लिहायचं ठरवलं, म्हटलं झोप झाली की राग उतरेल. उतरला नाही.

मी पळ काढला असं कुणी म्हणायला नको, म्हणून तुमचं म्हणणं आधी इथं देतो. मधुमेहावरच्या ज्या लेखात मी स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीला आंब्याच्या कॅनिंग कारखान्याची उपमा दिली, त्यात इन्सुलिनच्या अमिनो आम्लांच्या संख्येत घोळ केला. बीटा पेशी मरतातच असं नाही, पुष्कळशा आपली ओळख विसरून नुसत्या बसून राहतात, हे मी सांगितलंच नाही. आणि मग ते वाक्य : ‘उपमा नाश्त्याला बरा, जीवशास्त्रात नको. कॅनिंगच्या गोष्टींनी पेशी कळत नाही.’

घोळ मान्य. ८६ अमिनो आम्लं प्रोइन्सुलिनची, म्हणजे इन्सुलिनच्या कच्च्या रूपाची. मधला तुकडा कापला गेल्यावर इन्सुलिनची उरतात ५१. दुरुस्त केलंय. चूक दाखवली की मी कान पकडतो, कुणीही विचारा.

आता उपमा. नाश्त्याचा ‘तो’ उपमा, अलंकारातली ‘ती’ उपमा. कोटी करण्याआधी लिंग तरी बघायचं होतंत.

आणि कॅनिंगच्या ‘गोष्टी’? रत्नागिरी तालुक्यातल्या एका कारखान्यात मी नऊ हंगाम काढलेत. मे संपत आला, ढग दिसायला लागले की बागायतदार मिळेल त्या दराने आंबा उतरवतो. गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. अशा वेळी आधी गेट बंद करतात, आत आहे ते उरका म्हणून. मग वाडीवाडीतून जादा बायका बोलावतात. डागी, कुजका माल खड्ड्यात जातो. बीटा पेशीच्या आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे प्रथिनांची घडी घातली जाते त्या भागात, याहून वेगळं काय घडतं हो? एकेक पेशी मिनिटाला दहा लाखांच्या घरात प्रोइन्सुलिनचे रेणू बनवू शकते, आणि प्रत्येक रेणूत तीन डायसल्फाइड बंध, म्हणजे गंधकाचे टाके, नेमक्या जागी बसावे लागतात. साखर सतत चढी राहिली की नीट घडी न पडलेला माल साचतो. मग पर्क हे प्रथिन नव्या उत्पादनाला लगाम घालतं. आयआरई-१ आणि एटीएफ-६ ही प्रथिनं घडी घालणारे मदतनीस वाढवतात. बिघडलेलं बाहेर काढून मोडलं जातं. एवढं करूनही रेटा थांबला नाही, तर चॉप नावाचं प्रथिन वाढतं आणि पेशी स्वतःच गाशा गुंडाळते. गेटच नसलेला कारखाना बघायचाय? वोल्कॉट-रॅलिसन सिंड्रोम, पहिली नोंद १९७२. पर्कचं जनुक बिघडलेलं, आणि बाळाला बहुधा पहिल्या काही महिन्यांतच मधुमेह. हे तुमच्या ‘शास्त्रीय’ भाषेत लिहा, आणि आमच्या वाडीत किती जण शेवटपर्यंत वाचतात ते मोजा.

उपमेचा एक सांधा निखळतो, ते मीच सांगतो. कारखान्याला जूनमध्ये टाळं लागतं. पेशीला जून नसतो.

राहिलं ओळख विसरण्याचं. बीटा पेशी ओळख विसरतात हे दाखवणारं २०१२ चं उंदरांवरचं काम मला ठाऊक आहे. लेखाला जागेची मर्यादा असते; पुढेमागे बघू. पण ‘नुसत्या बसून राहतात’ हे माझ्या वडिलांना सांगायला हवं होतंत. अंगाने काठी, उकड्या तांदळाची पेज, दिवसभर बागेत, तरी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मधुमेह. चौदा वर्षं गोळ्या, मग इन्सुलिन. २०२१ च्या तौक्ते वादळात वीज गेली, तेव्हा त्यांच्या कुप्या मी मडक्यात ठेवून वाचवल्या. बसलेल्या पेशी तेव्हा उठल्या नाहीत. २००३ मध्ये शवविच्छेदनातली स्वादुपिंडं तपासली गेली, त्यात सडपातळ मधुमेहींमध्ये बीटा पेशींचं आकारमान ४१ टक्क्यांनी कमी भरलं. तुम्ही म्हणाल, मोजताना रंग इन्सुलिनलाच लावला होता, विसरभोळ्या पेशी त्यात दिसणार कशा? म्हणा. वडील माझे होते.

तुम्ही डॉक्टर असाल, नसाल. नाव लिहायला लाजण्यासारखं काही नसतं. मी लिहितो, म्हणून तर चूक माझ्या नावावर जमा होते आणि तुमची कुणाच्याच नाही. पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तर छापीन. कारखाना लेखात आहे तिथेच राहील.

आणि आज नाश्त्याला घावणे होते.