'वर सुरक्षित बसून बटण दाबणारे': सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. तुम्ही एवढी मोठी आणि मनापासून कमेंट लिहिलीत, तिला "मताचा आदर आहे, धन्यवाद" एवढं म्हणून सोडून देणं मला पटेना, म्हणून हे वेगळं लिहितोय. ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लँकॅस्टर बॉम्बरच्या सात जणांच्या क्रूवर मी लेख लिहिला होता. त्यावर सरांचं म्हणणं असं की हे लोक वीस हजार फुटांवर सुरक्षित बसून बटण दाबायचे आणि पहाटे परत येऊन अंडी खायचे, खाली बायकापोरं जळायची. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात दोन लाख माणसं मारणाऱ्यांना मी हीरो केलंय. नको होतं तर त्यांनी नकार द्यायचा. आणि १९४३ मध्ये बंगालमध्ये लोक भुकेने मरत होते तेव्हा ह्या गोऱ्या पोरांसाठी मराठी माणसाने का हळहळायचं?

खाली जळणाऱ्या माणसांबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यातला एक शब्दही मला खोडायचा नाही. पण "सुरक्षित बसून" हे मी मान्य करणार नाही, कारण ते खरं नाही, आणि किती खरं नाही हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहितीये.

बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे ब्रिटिश वायुदलाच्या बॉम्बफेकी शाखेत, विमानातून लढायला गेलेले साधारण सव्वा लाख. त्यातले ५५,५७३ मेले. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस, आणि ह्यात जखमी आणि कैदी धरलेले नाहीत. मेलेल्यांपैकी आठ हजारांहून जास्त तर ट्रेनिंगच्या आणि तसल्याच अपघातांत गेले, जर्मन तोफेचा गोळा अंगावर यायच्या आधीच. वय सरासरी बावीस-तेवीस. एक टूर म्हणजे तीस ऑपरेशन्स, मग सहाएक महिने नवीन पोरांना शिकवायचं, मग लागलं तर वीसची दुसरी टूर. आता दर वेळी शंभरातली चार विमानं परत येत नाहीत असं धरा. चार टक्के ऐकायला काहीच वाटत नाही, पण तेच लागोपाठ तीस वेळा केलं की शंभरातली एकोणतीस उरतात, आणि पाच टक्के धरले तर एकवीस. १९४३-४४ च्या हिवाळ्यात बर्लिनवर जाणाऱ्यांसाठी आकडा पाचच्या वरच होता. हा गुणाकार त्या पोरांना स्वतःला करता येत होता, त्यांच्यातला नॅव्हिगेटर, म्हणजे मार्ग काढणारा, तर रोज गणितच करायचा.

आणि रात्र कशी असायची? सकाळी यादीत नाव लागायचं, पण कुठे जायचं ते कुणी सांगायचं नाही. ग्राउंड क्रूला मात्र टाकीत किती पेट्रोल भरायला सांगितलंय त्यावरून अंदाज यायचा, टाक्या पूर्ण म्हणजे लांब, म्हणजे बर्लिन किंवा त्याच्याही पलीकडे. संध्याकाळी ब्रीफिंगला नकाशावरचा पडदा सरकवला की लाल फीत कुठपर्यंत गेलीये ते दिसायचं. मग ती तुमची अंडी. इंग्लंडमध्ये रेशनिंग होतं, सामान्य माणसाला आठवड्याला जेमतेम एक अंडं मिळायचं, आणि ह्यांना निघायच्या आधी आणि परत आल्यावर मिळायचं कारण परत येतील की नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला त्यात चैन दिसत नाही सर, माफ करा.

मग दोन हजार गॅलनच्या वर पेट्रोल आणि पोटात बॉम्ब घेऊन विमान धावपट्टीवरून उठायचं. त्या बॉम्बमध्ये १८०० किलोचा एक, ज्याला ते 'कुकी' म्हणायचे. उठतानाच एखादं इंजिन गेलं तर संपलंच. पुढे सहा-सात-आठ तास अंधारात, दिवे बंद, आजूबाजूला शेकडो विमानं तशीच दिवे बंद करून त्याच दिशेने चाललेली, त्यांची एकमेकांशी टक्कर व्हायची, वरच्या विमानाचे बॉम्ब खालच्यावर पडायचे. मागच्या टरेटमध्ये, म्हणजे बंदुकांच्या फिरत्या घुमटात, रिअर गनर (मागचा बंदूकवाला) एकटा, उणे चाळीसच्या थंडीत, आणि नीट दिसावं म्हणून पुष्कळ जणांनी समोरची पारदर्शक काच कापून काढलेली, म्हणजे वारा थेट तोंडावर. त्याचं पॅराशूट त्याच्याजवळ नसायचं, टरेटमध्ये जागाच नव्हती, ते मागे विमानाच्या आत अडकवलेलं असायचं. आग लागली तर दार उघडून ते ओढून घ्यायचं, छातीला लावायचं, टरेट फिरवायचं आणि उलटं बाहेर पडायचं. हे सगळं विमान गोल फिरत खाली चाललेलं असताना.

बाकीच्यांनी मुख्यतः पुढच्या नाकातल्या झडपेतून उडी मारायची, ती रुंदीला फक्त बावीस इंच, जाड कपडे आणि पॅराशूट धरून. फ्रीमन डायसन, पुढे जगप्रसिद्ध झालेला भौतिकशास्त्रज्ञ, तेव्हा विशीतला पोरगा होता आणि बॉम्बर कमांडच्या मुख्यालयात आकडेमोड करायला होता. त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना दिसलं की पाडलेल्या हॅलिफॅक्समधून (हे दुसरं ब्रिटिश बॉम्बर) जेवढे लोक जिवंत सुटतात त्यापेक्षा लँकॅस्टरमधून बरेच कमी सुटतात, आणि ही झडप हे त्याचं एक मोठं कारण. ती दोन-चार इंच मोठी करा म्हणून ते भांडत राहिले, आणि निर्णय होऊन काम होईपर्यंत युद्ध संपत आलं. त्याच डायसनने आणखी एक गोष्ट लिहून ठेवलीये जी मला झडपेपेक्षाही जास्त लागते. क्रूला सांगितलं जायचं की पहिल्या काही फेऱ्या निभावल्या की अनुभव येतो आणि मग तुम्ही वाचता. आकडे तपासले तर तसं काहीच दिसेना, तिसाव्या फेरीचा क्रू नव्या क्रूइतकाच मरत होता. कारण १९४३ च्या उत्तरार्धापासून जर्मन रात्रीची लढाऊ विमानं खालून, बॉम्बरच्या पोटाखालून यायची, आणि त्यांच्या पाठीवर वरच्या दिशेला तिरप्या बसवलेल्या तोफा असायच्या. लँकॅस्टरला खाली बघायला खिडकीच नव्हती म्हणा ना. गनर कितीही चांगला असला तरी त्याला जे दिसतच नाही त्याच्यावर तो गोळी कशी झाडणार?

आता तुमचं ते बटण. बॉम्ब एमर, म्हणजे नेम धरून बॉम्ब सोडणारा, पोटावर झोपून "लेफ्ट, लेफ्ट, स्टेडी" सांगत असताना विमान सरळ रेषेत ठेवावं लागायचं, सर्चलाइट आणि विमानवेधी तोफांच्या मधोमध. बॉम्ब सुटले की विमान एकदम वर उसळायचं, आणि त्या क्षणी कुणालाही वाटेल की वळा आणि पळा, पण नाही, अजून अर्धा मिनिट तसंच सरळ जायचं कारण कॅमेरा फोटो घेणार असायचा, आणि बॉम्ब नेमके कुठे टाकले हे त्या फोटोवरून ठरायचं. भीती इतकी असायची की प्रत्येक हल्ल्यात बॉम्ब हळूहळू निशाणाच्या अलीकडे पडायला लागायचे, प्रत्येक क्रू आधीच्या आगीवर सेकंदभर लवकर सोडून मोकळा व्हायचा. ह्याला त्यांनी नाव ठेवलं होतं, 'क्रीपबॅक', आणि वरच्यांनी ते गृहीत धरून निशाण पुढे सरकवायला सुरुवात केली. सुरक्षित बसलेली माणसं असं करत नाहीत.

नकाराबद्दल. हे सगळे स्वेच्छेने आलेले, हे तुमचं बरोबर आहे, विमानात बसायची सक्ती कुणालाच नव्हती. पण एकदा टूर सुरू झाली आणि मधेच "मला जमत नाही" म्हटलं तर त्याच्या कागदावर 'लॅक ऑफ मोरल फायबर' (थोडक्यात, भित्रा) असा शेरा यायचा, छातीवरचा बिल्ला काढला जायचा, हुद्दा जायचा, आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी त्याला तळावरून हलवायचे म्हणजे बाकीच्यांना त्याची लागण नको. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला मरणापेक्षा ह्याचं भय जास्त वाटलं तर मला नवल वाटत नाही. आणि खरं कारण त्याहून जवळचं होतं, तू नाही म्हणालास तर तुझ्या जागी अनोळखी माणूस घेऊन बाकीच्या सहा जणांना जावं लागणार. हे सात जण कुणी नेमून दिलेले नसायचे, एका मोठ्या हँगरमध्ये सगळ्यांना सोडून "तुमचं तुम्ही जमवा" सांगायचे आणि पोरं आपापसात बोलून क्रू जमवायची.

ड्रेस्डेनचा आकडा मात्र दुरुस्त करायलाच हवा. दोन लाख हा आकडा नाझी मंत्री गोबेल्सच्या प्रचारखात्याने फुगवून जगभर पसरवलेला आहे. ड्रेस्डेन शहरानेच इतिहासकारांची समिती नेमली, तिने दफनाच्या नोंदींपासून सगळं तपासलं आणि २०१० मध्ये अहवाल दिला, जास्तीत जास्त २५ हजार. पंचवीस हजार माणसं म्हणजे काही थोडी नाहीत! तुमचा मुद्दा त्याने काडीचाही हलका होत नाही, फक्त तो नाझींच्या आकड्यावर उभा राहू नये एवढंच.

ड्रेस्डेनपेक्षा मला स्वतःला हॅम्बुर्ग जास्त छळतं. २७ जुलै १९४३ ची रात्र. ७८७ विमानं गेली, परत न आलेली फक्त १७. तीनच दिवस आधी ब्रिटिशांनी पहिल्यांदा चांदीच्या कागदासारख्या पट्ट्या हजारोंनी विमानातून टाकल्या होत्या, जर्मन रडारवर नुसता गोंधळ, तोफा आणि लढाऊ विमानं आंधळी. क्रूच्या डायरीत ही सोपी रात्र. आणि खाली हामरब्रुक, हाम ह्या कामगारांच्या दाट वस्त्यांमध्ये कोरड्या उन्हाळी हवेत सगळ्या आगी मिळून एक झाल्या, वादळासारखा वारा सुटला, डांबर वितळलं, तळघरात लपलेली माणसं श्वास कोंडून मेली. त्या आठवड्याभरात शहरात साधारण ३५ ते ४० हजार लोक गेले, बहुतेक त्या एकाच रात्री.

आता उलट बाजू बघा, ३० मार्च १९४४, न्यूरेंबर्ग. ७९५ विमानं, चंद्रप्रकाश, लांबलचक सरळ मार्ग, ९५ परत आली नाहीत, ५४५ पोरं एका रात्रीत मेली, आणि शहराला फारसं काही झालंच नाही, वाऱ्याने आणि ढगांनी बॉम्ब भलतीकडे पडले. सिरिल बार्टन नावाचा बावीस वर्षांचा पायलट होता, त्याच्या हॅलिफॅक्सचं इंटरकॉम तुटलं, खुणेचा गैरसमज होऊन नॅव्हिगेटर, बॉम्ब एमर आणि वायरलेसवाला तिघांनी उडी मारली, ह्याने तरीही पुढे जाऊन स्वतः बॉम्ब टाकले आणि नॅव्हिगेटरशिवाय इंग्लंडचा किनारा गाठला, तिथे पेट्रोल संपलं. विमानात राहिलेले तिघे वाचले, तो मेला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर.

क्रूची चांगली रात्र ती शहराची सगळ्यात वाईट रात्र, आणि शहर वाचलं ती क्रूच्या मरणाची. मी हे दोन्ही एकाच लेखात का ठेवतो ह्याचं माझं उत्तर हेच आहे. एकाचं दुःख सांगितलं की दुसऱ्याचं कमी होतं असं मी मानत नाही, आणि त्यांना काही कळत नव्हतं असंही म्हणणार नाही. जळणारं शहर त्यांना परतताना शंभर मैलांवरून दिसायचं. त्यांच्यातले कित्येक जण म्हातारपणापर्यंत ते घेऊन जगले.

पण दोष कुणाचा असं विचाराल तर मी कागद दाखवीन. १४ फेब्रुवारी १९४२ चा आदेश, त्यात सरळ लिहिलंय की आता लक्ष्य शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः कामगारांचं मनोधैर्य. दुसऱ्या दिवशी हवाई दलप्रमुख पोर्टलने वर टीप दिली की निशाण वस्तीवर धरायचं, गोदी किंवा विमान कारखान्यांवर नाही, हे नीट स्पष्ट करा. आर्थर हॅरिस त्यानंतर आठवड्याभराने बॉम्बर कमांडचा प्रमुख म्हणून आला आणि त्याने ते मनापासून राबवलं. आणि चर्चिल, ज्याच्या मंत्रिमंडळाच्या संमतीने हे सगळं चाललं, त्याने ड्रेस्डेननंतर, मार्च १९४५ च्या अखेरीस सेनाप्रमुखांना लिहिलं की केवळ दहशत वाढवण्यासाठी शहरांवर बॉम्ब टाकण्याचा आता फेरविचार व्हावा. सेनाप्रमुख भडकले, मग ती चिठ्ठी परत घेऊन सौम्य शब्दांत लिहिली. मे महिन्यातल्या विजयाच्या भाषणात बॉम्बर कमांडचं नावही नाही. ज्यांनी ठरवलं त्यांनी हात झटकले आणि ज्यांनी केलं ते एकतर मेले किंवा गप्प बसले, ह्याचा मला राग येतो सर, आणि तो राग जर्मन मुलांसाठी वाटणाऱ्या दुःखाच्या आड येत नाही. लंडनला ह्या लोकांचं स्मारक व्हायला २०१२ उजाडलं, आणि त्यावर १९३९ ते १९४५ मधल्या बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचाही उल्लेख आहे, तो मला फार योग्य वाटतो.

राहिलं बंगाल. तीस लाखांच्या आसपास माणसं, आणि त्याची जबाबदारी ज्या सरकारवर येते तेच हे सरकार, मान्य. पण बंगाल आणि हे बॉम्बर ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दिग्री, सालबनी हे ब्रिटिश वायुदलाच्या लिबरेटर बॉम्बरचे तळ मिदनापूर जिल्ह्यातले, ज्या जिल्ह्याला १९४२ च्या चक्रीवादळाने आणि मग दुष्काळाने सगळ्यात जास्त झोडपलं त्यातलेच. तिथून ही विमानं रंगून, बँकॉकवर जायची, ऑक्टोबर १९४४ मध्ये पेनांगच्या बंदरात सुरुंग टाकायला गेली, जाऊन-येऊन तीन हजार मैल. युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेल्या अशाच लिबरेटरमधून बंगळूरच्या एचएएलने विमानं पुन्हा उभी केली, ती आपल्या वायुदलात १९६८ पर्यंत होती, पुण्याला लोहगावलासुद्धा.

म्हणूनच तुमच्या कमेंटमधलं शेवटचं वाक्य वाचून मी थांबलो. तुमचे मामा युद्धाच्या काळात बंगालमध्ये विमानतळावर कामाला होते असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. कुठल्या तळावर ते आठवतंय का? काम काय होतं, बॉम्ब चढवायचं, पेट्रोल भरायचं, मेसमध्ये, की धावपट्टीच्या खडीचं? तारेच्या कुंपणाबाहेर दुष्काळ आणि आत हे सगळं, असं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं असणार. पायलट लोकांच्या आठवणी ढिगाने सापडतात, मामांसारख्या माणसांचं मला अजून काहीच वाचायला मिळालेलं नाही. त्यांनी घरी जे काही सांगितलं असेल ते, अर्धवट असलं तरी, इथेच खाली लिहा किंवा मला मेल करा, तुमची परवानगी असेल तर ते तुमच्याच शब्दांत स्वतंत्र लेख म्हणून टाकू.