जेर्मिनालचा जर्मनीशी काय संबंध?

फ्रेंच राज्यक्रांतीच्या कॅलेंडरातील वसंताच्या पहिल्या महिन्याला ‘जेर्मिनाल’ हे नाव क्रांतिनेता रोबेस्पिएरने जर्मनांवरील विजयाची आठवण म्हणून दिले आणि त्याच महिन्यापासून क्रांतीचे वर्ष सुरू होई, असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. महाविद्यालयात फ्रेंच शिकणाऱ्या माझ्या भाचीने तो खरा मानून निबंधात उतरवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

फ्रेंच शिकणाऱ्या मुलीला तरी हे खटकायला हवे होते, कारण फ्रेंच माणूस जर्मनीला ‘आलमान्य’ म्हणतो. ‘जेर्म’ म्हणजे कोंब. त्याचे मूळ लॅटिनमधल्या अंकुरवाचक शब्दात आहे. ही नावे सुचवणारा कवी आणि नाटककार फाब्र देग्लांतिन याने २४ ऑक्टोबर १७९३ रोजी नॅशनल कन्व्हेन्शनपुढे, म्हणजे क्रांतिकाळातील फ्रेंच संसदेपुढे, मांडलेल्या अहवालात त्यांचा अर्थ स्वतःच सांगितला आहे: मार्च-एप्रिलमध्ये झाडांत रस खेळू लागतो तो जेर्मिनाल, एप्रिल-मेमध्ये फुले उमलतात तो फ्लोरेआल आणि मे-जूनमध्ये कुरणे कापणीला येतात तो प्रेरिआल. प्रत्येक ऋतूच्या तिन्ही महिन्यांना त्याने एकच अंत्याक्षर दिले, म्हणजे नाव कानावर पडताच ऋतू कळावा. अशा बांधीव रचनेत जेर्मिनालला जर्मनी चिकटवायची, तर फुले आणि कुरणे यांनी कोणत्या देशावर विजय मिळवला, हेही या मजकुराने सांगायला हवे.

एवढे मात्र मान्य करावे लागते की फ्रान्स तेव्हा ऑस्ट्रिया आणि प्रशिया या जर्मनभाषक सत्तांशी लढत होता, आणि कॅलेंडर समितीतील झिल्बेर रोम याने आधी ‘बास्तीय’सारखी (क्रांतीत पडलेल्या पॅरिसच्या तुरुंग-किल्ल्याचे नाव) राजकीय नावेच सुचवली होती. ती कन्व्हेन्शनने स्वीकारली नाहीत.

वर्षारंभाचे विधान तर सरळ चूक आहे. वर्ष शरद संपाताला, म्हणजे २२ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होई. जेर्मिनाल हा सातवा महिना.

राहिले रोबेस्पिएरचे श्रेय, आणि मला सर्वांत जास्त चीड त्याचीच येते. फाब्रला क्रांतिनेता दांतों याच्याबरोबर ५ एप्रिल १७९४ रोजी गिलोटिनवर चढवण्यात आले, तेव्हा सत्तेवरील सार्वजनिक सुरक्षा समितीत सर्वांत प्रभावी माणूस रोबेस्पिएरच होता, आणि फाब्रने महिन्यांना नावे दिलेल्या कॅलेंडराप्रमाणे त्या दिवशी दुसऱ्या वर्षाच्या जेर्मिनालची १६ तारीख होती.