रायण्णा एकट्या फितुरीने हरला नाही

कित्तूरच्या गादीसाठी १८३० मध्ये कंपनी सरकारविरुद्ध बंड करणारा संगोळ्ळी रायण्णा कसा सापडला, हे बेळगावकडच्या आमच्या खानापूर तालुक्यात कुणालाही विचारा. मामा फितूर झाला, रायण्णा ओढ्यावर आंघोळीला उतरला होता, हातात तलवार नव्हती, तिथंच धरला. मराठी घरात हीच गोष्ट सांगतात, कानडी घरातही हीच. मला ती पुरत नाही. फितूर कुठल्या बंडात नव्हते? अफजलखान चालून आला तेव्हा खंडोजी खोपडे त्याला जाऊन मिळालाच. पण शेजारच्याच कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडलं आणि ते महाराजांच्या बाजूला उभे राहिले. फितूर निघणारच. बाकीचं गाव कुणीकडे झुकतं, त्यावर बंड तरतं किंवा बुडतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रायण्णा शेतसनदी होता. गावची राखण करायची, सरकारी काम पडलं तर धावायचं आणि त्याबदल्यात इनामाची जमीन कसायची. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरपुढं कंपनीचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला, राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत गेली. मग कंपनीने अशा इनामांना हात घातला. काही जमिनी काढून घेतल्या, उरलेल्यांवर सारा वाढवला. १८२९ मध्ये राणी कैदेतच वारली. त्यानंतर रायण्णा उठला आणि १८३० च्या सुरुवातीला बिडी गावची सरकारी कचेरी पेटली. कचेरीचं दप्तर जळालं की कुणाकडे किती बाकी, याचा पुरावाच जातो. गरीब कुळाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. म्हणून माणसं भराभर जमली.

इथं सगळे जंगलाचं कौतुक सुरू करतात. आमचं जंगल दाट आहे, पावसाळ्यात तर पलटणीला वाटच मिळू नये, हे खरं. पण जंगल लपवतं, जेवायला घालत नाही. शंभर माणसं धरा. दोन वेळा, माणशी दोन भाकरी म्हटलं तरी दिवसाला चारशे भाकऱ्या. त्या कुणीतरी थापायच्या. अवेळी चुलीतून धूर निघतो, तो शेजारणीला दिसतो. कणगी एरवीपेक्षा लवकर खाली जाते, ती घरातल्या म्हाताऱ्याला दिसते. बुट्टी डोक्यावर घेऊन रानाकडे निघालेली बाई पाटलाला दिसते. एवढ्या सगळ्यांनी रोज गप्प राहायचं, तेव्हा बंड एक दिवस जगतं. रायण्णा एप्रिलमध्ये सापडला. भाताची सुगी होऊन महिने लोटलेले, पुढचं पीक पावसानंतर. त्या दिवसांत घरातलं धान्य किती उरतं, हे शेतकऱ्याला विचारा. कागदोपत्री पुरावा माझ्याकडे नाही, पण हा महिना मला योगायोग वाटत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रायण्णाला राणीच्या दत्तक मुलाला, शिवलिंगप्पाला, कित्तूरच्या गादीवर बसवायचं होतं. निष्ठा म्हणून याला तोड नाही. पण ज्या पाटलाचं वतन कंपनीने चालू ठेवलं, त्याला गादी परत आल्याने काय जास्तीचं मिळणार होतं? आणि बंड फसलं तर त्याचं होतं तेही जाणार होतं. इंग्रजांनी हे बरोबर ओळखलं. रायण्णाला उघड लढाईत गाठता येईना, तेव्हा त्यांनी त्याच्याच मुलखातली वतनदार माणसं हाताशी धरली. २६ जानेवारी १८३१ ला नंदगडात त्याला फाशी दिली.

त्याच काळात पुरंदरच्या बाजूला उमाजी नाईक लढत होता. तो रामोशी, पण तोही राखणदारांतलाच, किल्ल्याच्या, हक्क गेलेला. त्याला आधी जमीन आणि चाकरी देऊन गप्प करायचा प्रयत्न झाला, नंतर पकडून ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी. १८४४ मध्ये गडहिंग्लजजवळचा सामानगड उठला. तिथलेही गडकरीच, वंशपरंपरेने गड राखणारे, त्यांच्याही जमिनींचा कारभार मामलेदाराकडे चाललेला. ते तर गडातच बसले आणि तोफांपुढं ऑक्टोबरात गड गेला. फिरत राहिले असते तर जास्त टिकले असते. त्याच धामधुमीत उठलेले सावंतवाडीचे फोंड सावंत गोव्यात गेले. पोर्तुगीज हद्दीत जीव वाचला, बंड मात्र संपलं. फोंड सावंत सरदार घराण्यातले, पण कित्तूर, पुरंदर, सामानगड या तिन्ही ठिकाणी उठणारा वर्ग एकच, राखणदारांचा. आणि तिन्ही ठिकाणी बाकीच्या गावाने डोळ्यात पाणी आणून बघितलं, पण अंगावर घेतलं नाही.

उलट उदाहरण कृष्णाकाठचं. सातारा जिल्ह्यात १९४२ नंतर पत्री सरकार उभं राहिलं. डोक्यावर बक्षीस असताना क्रांतिसिंह नाना पाटील चारेक वर्षं भूमिगत राहिले आणि इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. तिथले डोंगर काही आमच्या घाटाएवढे दाट नाहीत. पण पत्री सरकारने गावात न्यायदान मंडळं चालवली, सावकार आणि गावगुंडांना चाप लावला, बिनखर्चाची लग्नं लावली. बाईला, कुळाला, लहान शेतकऱ्याला रोजच्या जगण्यात काहीतरी मिळत होतं, आणि ते पोलिसाला खबर दिल्याने गेलं असतं. शिवाय कुंडल औंध संस्थानात होतं आणि औंधचे राजे लोकांच्या बाजूचे. आसरा मिळाला. रायण्णाच्या पाठीशी असा एकही दरबार नव्हता. इंग्रज १९४५ ला दमलेले होते आणि १८३० ला ताजेतवाने होते, हेही धरायला हवं. पण चिपळूणच्या छावणीला महाराजांनी लिहिलेलं पत्र आठवा. रयतेच्या दाण्याला, भाजीला हात लावाल तर लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे, हा त्यातला इशारा आहे. गनिमी कावा करणाऱ्याला खरी भीती कशाची असते, ते यात आलं.

हे सगळं आज लिहायचं कारण पुतळे. २०२० मध्ये बेळगावजवळच्या पिरनवाडीत रायण्णाच्या पुतळ्यावरून मराठी-कानडी असं कसं पेटलं, ते आपण पाहिलंय. फार वाईट वाटलं. ज्याची इनाम जमीन गेली त्याने कचेरी जाळली. त्या भांडणात भाषा कुठं होती? नंदगडच्या समाधीपाशी जाऊन बघा. मूल व्हावं म्हणून बायका तिथं पाळणे बांधतात. कुठल्या भाषेत नवस बोलल्या, ते पाळण्यावरून ओळखू येत नाही.

खानापूर, बैलहोंगल, कित्तूर या पट्ट्यात कुणाच्या घरी शेतसनदीचे, इनामाचे जुने कागद असतील, मोडीतले किंवा कानडीतले, तर ते बाहेर काढा. पावसाळ्याआधी पेटीतून काढून फोटो घ्या आणि वाचणाऱ्याला दाखवा. कोणाची जमीन गेली आणि कोणाची राहिली, हे त्या कागदांवरून गावागणिक लावता येईल. मोडी वाचणारे दोघे-तिघे माझ्या ओळखीचे आहेत, ते मदतीला तयार आहेत.