बैल वशिंडावर चार दिवस चालतो, हे कुणी ठरवलं?

गेल्या आठवड्यापासून आमच्या धारूर भागात एक मेसेज फिरतोय. त्यात लिहिलंय, "बैलाच्या वशिंडात उंटासारखी चरबी आणि पाणी साठलेलं असतं. परदेशी पक्षी 11 दिवस न खाता उडतो, मग बैल चार दिवस वैरण-पाण्यावाचून 100 किलोमीटर सहज चालतो. मुक्कामाला पोचल्यावर घमेलंभर मक्याचा भरडा आणि गूळ द्या, एका रात्रीत भरून येतो." खाली 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' असंही आहे. कोणत्या शास्त्रज्ञानं, कुठं, ते नाही. वाचून सोडून दिलं असतं. पण ऊसतोडीला जाणाऱ्या भाच्यानं तो मला पाठवला आणि विचारलं, "मामा, ट्रकचं भाडं उचलीतून कापतेत. बैलं पायीच नेऊ का कारखान्यावर? कडबा लादायची पण गरज नाही म्हणतेत." उचल म्हणजे ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादम मजुराला देतो ते आगाऊ पैसे. त्याच्या दावणीला लाल कंधारी बैलांची एकच जोडी आहे.

पक्ष्याचं आधी उरकतो, कारण ती गोष्ट खरी आहे. 2022 च्या ऑक्टोबरात गॉडविट जातीचं एक पिल्लू अलास्काहून टास्मानियाला 13,560 किलोमीटर कुठंही न उतरता गेलं, 11 दिवसांत. त्याचे भाऊबंद हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावरही येतात. पण मेसेज लिहिणाऱ्यानं अर्धीच गोष्ट सांगितली. हा पक्षी निघण्याआधी कित्येक आठवडे नुसता खात असतो. निघताना त्याच्या वजनाचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग चरबीच असते. आतडी आणि पोट आकसून घेतो, म्हणजे ते ओझं वाहायला नको. बैलानं आतडी आकसली तर तो बैल राहील का?

आता वशिंड. उंटाच्या मदारीतसुद्धा पाणी नसतं, चरबी असते. क्नूट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञानं 1950 च्या दशकात अल्जीरियाच्या वाळवंटात उंटांवर मोजमापं घेतली. उंट टिकतो तो साठवलेल्या पाण्यावर नाही. शरीराचं तापमान पाच-सहा अंश चढू देतो, घाम वाचवतो आणि वजनाच्या पाव हिश्शाइतकं पाणी गमावूनही उभा राहतो. चरबी जळाली की पाणी तयार होतं हे खरं, पण ती जाळायला जो श्वास घ्यावा लागतो त्यातूनच तेवढं पाणी उडून जातं, हेही त्यानंच दाखवलं. आपल्या बैलाचं वशिंड तर मुख्यतः मांस, त्यात थोडी चरबी. आणि बैल अंग थंड ठेवतो ते घाम गाळून. उन्हात काम करणारा बैल दिवसाला 40 लिटरच्या पुढं पाणी पितो, हे ज्यानं हौद भरलाय त्याला सांगावं लागत नाही.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. कागदावर हिशेब बसतो. 400 किलोच्या बैलाला मोकळं चालायला किलोमीटरला 200 किलोकॅलरीच्या आसपास लागतात, नुसतं जगायला दिवसाला 7,000 च्या आसपास. एक किलो शुद्ध चरबीत 9,000 असतात. म्हणजे रोज 25 किलोमीटर चाललं तरी चार दिवसांत पाच-सहा किलो चरबी जाईल, आणि तेवढी धष्टपुष्ट बैलाच्या अंगात असते. म्हणूनच असला मेसेज खरा वाटतो. पण बैल अडतो तो चरबीअभावी नाही. त्याच्या शरीराला ग्लुकोज लागतं आणि ते चाऱ्यातून कोठीपोटात, म्हणजे बैलाच्या पहिल्या मोठ्या पोटात, तयार होणाऱ्या आम्लांपासून यकृत बनवतं. चारा बंद झाला की ते बंद, मग शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं. वर पाणी नाही, ऊन आहे, घाट आहे, गाडी आहे. ह्यातलं काहीच त्या हिशेबात धरलेलं नाही.

आणि आता ते भरड्याचं. सगळ्या मेसेजमध्ये सगळ्यात घातक ओळ हीच. कोठीपोटात चारा कुजवणारे जंतू असतात, त्यांच्यावर बैल जगतो. चार दिवस उपाशी ठेवलं की तिथली सगळी घडी विस्कटते. अशा बैलापुढं घमेलंभर भरडा आणि गूळ ठेवला तर तो भुकेनं सगळं संपवतो. पिठूळ आणि गोड माल झपाट्यानं आंबतो, पोटात आम्ल वाढत जातं, रक्तातलं पाणी पोटात ओढलं जातं. आधी रवंथ थांबतो. डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली तर एरवी मिनिटाला एक-दोनदा हाताला लाट लागते, ती लागत नाही. शेण पातळ, आंबूस वासाचं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू बसते, डोळे खोल जातात. मग बैल बसतो तो उठत नाही. वाचला तरी पुढं खुरं धरतात आणि हंगामभर लंगडतो. लोक म्हणतात, "नजर लागली". नजर नाही, भरडा लागला. एक जोडी गेली की मुकादमाची उचल अंगावर राहते आणि पुढचा अख्खा हंगाम ती फेडण्यात जातो. हा मेसेज पुढं ढकलणाऱ्यांनी एवढं तरी मनात आणावं.

बैल पायी न्यायचेच असतील तर कडबा गाडीवर लादाच. पहाटे निघा, उन्हं चढली की सावलीला सोडा. ओढकामाच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या केंद्राच्या नियमांतही दिवसाला 9 तासांच्या वर जुंपायचं नाही, सलग 5 तासांच्या वर नाही आणि पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 नाहीच, असं आहे. प्रत्येक थांब्याला पाणी दाखवा. उसाच्या फडावर पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस कडबाच मुख्य ठेवा, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, थोडे थोडे वाढवा आणि पेंड-भरडा रवंथ नीट सुरू झाल्यावर मुठीमुठीनं. बैल उपाशी राहिलाच असेल तर आधी पाणी, मग वाळली वैरण, आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरला दाखवा.