नव्या गाडीचा विमा ऑनलाइन काढा, वेळ चांगला जातो

नवी गाडी घेताय? अभिनंदन. कर्ज मंजूर झालं, रंगावरून घरात झालेली भांडणं मिटली, वडिलांनी मंगेशीला पूजेसाठी भटजींना सांगूनही ठेवलं. म्हणजे गाडी गणेश चवथीच्या आधी दारात उभी राहणार असं तुम्ही धरून चाललात. राहील की. फक्त ‘विमा आपण ऑनलाइन काढू, स्वस्त पडतो’ हा किडा डोक्यात वळवळत असेल तर थोडं थांबा. मी नुकताच त्यातून बाहेर पडलोय. ज्ञान ताजं आहे, वाटून टाकतो.

आधी मोबाइल नंबर द्या. हप्ता किती, कंपनी कोणती, हे सगळं नंतर. नंबर दिलात की ओटीपी येतो, तो टाकला की पडद्यावर गोल चक्र फिरायला लागतं आणि ते थांबायच्या आत फोन वाजतो. ‘सर, आप कार इन्शुरन्स देख रहे थे?’ बघत होतो रे बाबा, अजून काही दिसलं नाही, तेवढ्यात तू आलास. पहिला फोन ठेवेपर्यंत दुसरा. 140 ने सुरू होणारे नंबर ब्लॉक करा; मग साध्या मोबाइल नंबरांवरून येतील. माझी पत्नी म्हणाली, ‘अहो, हो म्हणून टाका एकाला, निदान बाकीचे तरी गप्प बसतील.’ बसत नाहीत.

पुढची पायरी, गाडीचा नंबर टाका. नव्या गाडीला नंबर नसतो, नंबर मिळायलाच विमा लागतो, असले तर्क लढवू नका. अगदी खाली, राखाडी अक्षरांत, ‘ब्रँड न्यू कार’ असं लिहिलेलं असतं. चष्मा लावून शोधा.

मग शहर. यादीत ‘गोवा’ नावाचं एक शहर आहे. कुठे आहे ते मलाही अजून सापडलेलं नाही. आम्ही फोंड्याचे. फोंडा तालुका जानेवारी 2015 मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला. ही बातमी आमच्यापर्यंत तेव्हाच पोचली, पण 403401 हा पिनकोड टाकल्यावर ही वेबसाइट अजून ‘नॉर्थ गोवा’च दाखवते. आधारवर साऊथ, वेबसाइटवर नॉर्थ, झाली विसंगती. घराचा नंबर पंचायतीनं दिलेला, त्यात तिरकी रेघ आणि कंसात एक अक्षर. वेबसाइटला रेघही चालत नाही आणि कंसही. रस्त्याचं नाव मात्र सक्तीचं. आमच्या वाड्यावर रस्त्याला नाव नाही, पिंपळाला आहे. ते लिहिलं. चाललं!

केवायसीच्या वाटेला हसतमुखानं जा. 1 जानेवारी 2023 पासून ती प्रत्येक नव्या पॉलिसीला सक्तीची आहे, आणि गोव्यातल्या माणसाचं आडनाव दोन कागदांवर एकाच स्पेलिंगमध्ये सापडलं तर त्याचा सत्कारच करायला हवा. देसायांनी तर आपल्यात एस एक की दोन याचा निकाल आधी घरात लावून घ्यावा, मगच कॉम्प्युटर उघडावा.

आयडीव्हीची, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीची, पट्टी डावीकडे ओढा. हप्ता भराभर उतरतो, मन प्रसन्न होतं. गाडी चोरीला गेली तर तेवढेच पैसे हातात पडतील, पण ते तेव्हाचं तेव्हा. (नव्या गाडीची आयडीव्ही साधारण एक्स-शोरूम किमतीतून पाच टक्के वजा करून येते. ‘सर्वांत स्वस्त’ म्हणून जे कोटेशन पहिलं दाखवतात, त्यात ती किती धरलीय हे बघा. आनंद तिथेच ओसरेल.)

‘85 टक्के बचत’ वाचून हुरळून जा. थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्यासाठीच्या विम्याचे, दर केंद्र सरकार ठरवतं, ते सगळ्या कंपन्यांना सारखेच. 2022 च्या दरपत्रकाप्रमाणे 1000 ते 1500 सीसीच्या नव्या गाडीला तीन वर्षांचे मिळून 10,640 रुपये. त्यात कुणी पै सोडू शकत नाही. आणि तीन वर्षं म्हणजे फक्त थर्ड पार्टीची, 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं आलेली. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर दोन वेगळ्या तारखा छापलेल्या असतात, त्यातली लांबची बघून निर्धास्त राहा.

टायर कव्हर, चावी कव्हर, सामान कव्हर: टिक आधीच मारलेली असते, तुम्हाला कष्ट नाहीत.

शंका आली तर चॅटबॉटला विचारा. मी विचारलं, उभ्या गाडीवर माडावरून नारळ पडला तर भरपाई मिळते का? गोव्यात याहून व्यावहारिक प्रश्न नाही. तो म्हणाला, ‘मला तुमची मदत करायला आवडेल, कृपया पॉलिसी नंबर द्या.’ पॉलिसी काढायची की नाही हे ठरवायलाच तर विचारतोय! दुसरा प्रश्न: चोडणच्या फेरीबोटीत गाडी चढवली आणि तिथं काही झालं तर? त्यानं रोडसाइड असिस्टन्सचा नंबर पाठवला. मांडवीच्या मधोमध कोणती रोडसाइड? शेवटी पॉलिसीची नियमावली डाउनलोड करून वाचली. बाहेरच्या कारणानं झालेला अपघात स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात धरलेला आहे, म्हणजे नारळ आला. रस्ता, रेल्वे आणि अंतर्गत जलमार्ग यांवरून गाडी नेताना झालेलं नुकसानही त्यात आहे, म्हणजे फेरीबोट आली. सगळं छापलेलं आहे. फक्त जे विकतात त्यांनी वाचलेलं नाही. एक गोष्ट मात्र नसते, आणि ती आपल्याकडच्या पावसात नेमकी लागते: पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेलात आणि इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत त्याचे पैसे मिळत नाहीत. त्याला इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. चावी कव्हरची टिक काढा, ही मारा.

जुनी गाडी विकली असेल तर तिच्या एनसीबीबद्दल, म्हणजे नो क्लेम बोनसबद्दल, अवाक्षर काढू नका. कॉल सेंटरवाला गोंधळतो. ‘नई गाड़ी में एनसीबी कैसे, सर?’ अरे, तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. वर्षानुवर्षं क्लेम केला नाही म्हणून मिळालेली सवलत, 50 टक्क्यांपर्यंत जाते, जुन्या कंपनीकडून पत्र आणलं की तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येते. हे मी त्याला शिकवलं. शिकवणीची फी मिळाली नाही.

आता एवढं सगळं पार पडलं आणि शेवटच्या पानावर आलात, की फक्त दोन गोष्टी मागतात. इंजिन नंबर आणि चासीस नंबर. ते शोरूमकडे असतात. मिळवा.

सुरुवातीला शोरूमवाले सांगतील, गाडी अजून अलॉट झालेली नाही. ठीक. मग सांगतील, अलॉट झालीय पण यार्डात आहे. मग, यार्डात आहे पण सिस्टीममध्ये चढायची आहे. मग, ज्याच्याकडे लॉगिन आहे तो रजेवर आहे. सतरा अक्षरांचा एक नंबर, गाडीवर ठोकलेला, बिलावर छापायचा, तो माणूस रजेवरून आल्याशिवाय वाचता येत नाही! आणि गंमत बघा, त्याच दिवशी, त्याच गाडीचं, त्यांच्याच इन्शुरन्स डेस्कवरचं कोटेशन छापून तयार होतं. त्यावर चासीस नंबर होता. काचेच्या केबिनमधल्या मुलीनं तो कागद माझ्यासमोर फिरवला, हप्त्याच्या आकड्यावर पेन टेकवलं आणि नंबरावर अगदी सहज हात ठेवला. मी मान वाकडी करून वाचायला लागलो, तर तिनं कागद उलटा केला. हप्ता 52,400. ऑनलाइन, तीच कंपनी, तीच आयडीव्ही, तेच झिरो डेप (भरपाईतून घसारा न कापणारं कव्हर), 35,900. मी म्हटलं, बाहेरून काढतो. लगेच सेल्समन वाकून, अगदी घरच्यासारखा: ‘सर, भायल्यान पॉलिसी काडल्यार मागीर आमी जबाबदार ना, हां.’ कॅशलेस होणार नाही म्हणे. त्याच कंपनीची पॉलिसी, त्यांच्याच वर्कशॉपशी करार असलेली, पण मी काढली तर कॅशलेस नाही. पासिंगला वेळ लागेल म्हणे. चवथीच्या आधी सांगू शकत नाही म्हणे. मग मॅनेजर ‘वर’ बोलून आला आणि 52,400 चे 41,000 झाले. वर म्हणजे कुठे, स्वर्गात? एका फोनवर अकरा हजार उतरतात, तर ते अकरा हजार मुळात कसले होते? आणि त्या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 2025 च्या सप्टेंबरात गेला, हा आहे तिथेच आहे.

पैसे भरताना सर्व्हर बंद पडेल. खात्यातून रक्कम जाईल, पॉलिसी येणार नाही. प्राणायाम करा.

नाही, आता पुरे झाला उपरोध. हे सगळं अडाणीपणातून होत नाही, ठरवून होतं. वेबसाइटवर माणूस वैतागावा आणि शोरूमच्या खुर्चीत येऊन पडावा, यात दोघांचंही भलं आहे. विमा कंपनीला गिऱ्हाईक मिळतंच, डीलरला कमिशन मिळतं. विमा डीलरकडूनच घ्या असं कुठलाही कायदा सांगत नाही. 2017 मध्ये इर्डानं, म्हणजे विमा नियामकानं, डीलरांसाठी जे नियम केले, त्यात ग्राहकावर सक्ती करायची नाही हे स्पष्ट आहे. थर्ड पार्टीशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्याच वेळी 2000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. विमा घेण्याची सक्ती सरकारनं आपल्यावर केली, मग तो घेऊ न देणाऱ्यावर काय? माझा चासीस नंबर लपवणं ही काय ट्रेड सिक्रेट आहे? बुकिंगचे पैसे दुपारी घेता आणि पावती संध्याकाळच्या आत पाठवता, मग अलॉटमेंट झाल्याबरोबर हे दोन नंबर त्याच मेलवर पाठवायला काय होतं?

आणि तुम्ही. हो, तुम्हीच. सीटकव्हर फुकट मिळावं म्हणून तासभर हुज्जत घालता, मॅटसाठी रुसून बसता, आणि विम्याच्या कागदावर ‘जाऊ दे, नव्या गाडीत एवढं काय बघायचं’ म्हणत डोळे मिटून सही करता. तुमच्यासारख्या शंभर जणांनी सही केली म्हणून एकशेएकाव्याला नंबर मिळत नाही. कोटेशनवर आयडीव्ही किती, इंजिन प्रोटेक्शन आहे का, एनसीबी लावलाय का, यातलं काही विचारलंत? नाही. रिबिनीची गाठ सोडताना फोटो मात्र काढलात.

बुकिंगच्या फॉर्मवरच लिहून द्या, विमा मी बाहेरून आणणार, इंजिन आणि चासीस नंबर अलॉटमेंटच्या दिवशी मेलवर हवेत. नाही म्हणाले तर तोच नकार लेखी मागा. विमा कंपनी टोलवत असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा, मग इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाका किंवा 155255 ला फोन लावा. लेखी नकार मागितला की मॅनेजर केबिनमधून स्वतः बाहेर येतो. त्याच्याशी उभ्या उभ्याच बोला. खुर्चीत बसलात की चहा येतो, आणि चहाच्या मागोमाग त्यांचा फॉर्म.