कोणालाही म्हणजे कोणालाही

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत लिफ्ट नाही आणि गुपित नाही. तिसऱ्या मजल्यावर आईने कढीला फोडणी दिली की तळमजल्यावरच्या काकू जिन्यातून विचारतात, "आलं विसरलात का हो?" इथे खासगी माहिती जपायची म्हणजे रविवारी संध्याकाळी गर्दीने फुललेल्या तलावपाळीवर एकांत शोधायचा!

तरी मी आईची शिकवणी घेतली. घ्यावीच लागली. "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्या प्रत्येक पोराला ती आधी "जेवलास का?" विचारायची, मग गाव, मग आडनाव. केवायसीची धमकी द्यायला फोन केलेल्या एकाला तिने स्थळ सुचवलं होतं.

कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत मी नियम लिहिले. पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही. कोणी स्टार ४०१ लावून नंबर फिरवायला सांगितलं तर फिरवायचा नाही, आपले कॉल त्याच्याकडे वळतात. 'डिजिटल अरेस्ट' असं कायद्यात काही नाही. फसलोच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. आणि ओटीपी कोणालाही द्यायचा नाही.

"कोणालाही म्हणजे कोणालाही?"

"अगदी मलासुद्धा नाही," मी ऐटीत म्हणालो. इथे माती खाल्ली.

मंगळवारी व्हिडिओ कॉल आला. खाकी कपडे, मागे झेंडा, आवाजात जरब. आईच्या नावाच्या पार्सलमध्ये म्हणे ड्रग्ज सापडले होते.

"कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही!"

"आणि कुकर कोण बंद करणार?" म्हणत आई उठली. परत आली तेव्हा साहेब घामाघूम. "आजी, तुम्हाला अटक झालीय!"

"डिजिटल ना? ती कायद्यात नाही. आमच्या कालनिर्णयवर लिहिलंय."

फोन कट. मी पेढे आणायचाच बाकी होतो.

गुरुवारी गॅसवाला आला. भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन मजले चढला, दारात टेकवला आणि धापा टाकत म्हणाला, "आजी, मेसेजमधला कोड सांगा."

"नाही सांगणार."

"अहो, त्याशिवाय डिलिव्हरी होत नाही!"

"ते लोकही अस्संच म्हणतात."

मी मध्ये पडलो. सिलिंडर दारात आल्यावर हा कोड द्यायचाच असतो, फोनवर मात्र नाही, वगैरे. आईने मोबाइल पदराखाली घेतला. "तुलासुद्धा नाही. तूच म्हणालास."

गॅसवाल्याने सिलिंडर पुन्हा खांद्यावर घेतला. उतरताना तो जे बोलला ते छापण्यासारखं नाही. तळमजल्यावर पोचला, तोच काकूंचा खणखणीत आवाज आला, "अरे थांब, कोड मला माहितीये! सकाळी वहिनी जिन्यात उभ्या राहून नातवाकडून वाचून घेत होत्या."

पाठोपाठ एकेक आकडा सगळ्या इमारतीने ऐकला.

सिलिंडर पुन्हा तीन मजले वर यायला लागला. आई शांतपणे कठड्याशी उभी होती.

"बघ हं," ती म्हणाली, "मी नाही सांगितला."