"पहिल्याच दिवशी प्रोग्रेसिव्ह घ्या" म्हणणाऱ्यांना उत्तर

पिस्तुलाची काडतुसं घरी भरायला शिकणाऱ्यांसाठी एक मेसेज सध्या खूप फिरतोय. सिंगल स्टेज प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र, एका वेळी एकच काम करणारं) म्हणजे पैसे पाण्यात, थेट प्रोग्रेसिव्ह (एका ओढीत अनेक कामं करणारं) घ्या, पावडर मेजर (बंदुकीची दारू, म्हणजे पावडर, मापून टाकणारं साधन) असला की वजनकाट्याची गरज नाही, पुस्तक कशाला नेटवर सगळं मिळतं, आणि वर्षात खर्च वसूल. जिथे कायद्याने याला परवानगी आहे तिथल्या नवख्या माणसाने हे वाचून खरेदी केली तर हात आणि डोळे दोन्ही धोक्यात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला प्रोग्रेसिव्हचा. त्यात हँडल एकदा ओढलं की चार-पाच पुंगळ्यांवर (काडतुसाच्या रिकाम्या नळ्यांवर) एकाच वेळी वेगवेगळी कामं होतात, एकीत प्रायमर (पावडर पेटवणारी तळातली टोपी) बसतो, दुसरीत पावडर पडते, तिसरीवर बुलेट बसते. सगळं सुरळीत असेल तर फारच छान. पण मध्येच प्रायमर अडकला की आपण हँडल मागे घेतो, पुंगळ्या धरणारी प्लेट हाताने फिरवतो, एखादी पुंगळी काढून परत लावतो, आणि मग कुठलीत पावडर पडली होती तेच आठवत नाही. डबल चार्ज, म्हणजे एकाच पुंगळीत दोनदा पावडर, होतो तो इथेच. .३८ स्पेशलची पुंगळी काळ्या दारूच्या हिशोबाने लांब केलेली, आजची जलद जळणारी पावडर तिच्या तळाशी जेमतेम दिसते, त्यामुळे दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही आणि वरून बुलेटही गुपचूप बसते. उलट पावडर पडलीच नाही तर नुसता प्रायमर बुलेटला बॅरलमध्ये ढकलून अडकवतो, ते न कळता पुढचा राउंड (काडतूस) झाडला की बॅरल फुगते नाहीतर फाटते.

सिंगल स्टेजवर एका वेळी एकच डाय (प्रेसमध्ये आट्यांनी बसणारा साचा), एकच काम. पन्नासच्या पन्नास पुंगळ्या ब्लॉकमध्ये (भोकं असलेल्या ठोकळ्यात) उभ्या असतात आणि बुलेट बसवायच्या आधी टॉर्च मारून सगळ्यांत डोकावता येतं. माझ्याकडे एका संध्याकाळी पावडर भरताना मध्येच फोन आला, परत येऊन उरलेल्या भरल्या, आणि टॉर्च मारला तर तिसऱ्या ओळीतल्या एकीत पावडर शेजारणीपेक्षा स्पष्ट वर दिसली. सगळ्या पन्नास रिकाम्या केल्या आणि पहिल्यापासून भरल्या. घाईत असतो तर ती एक डब्यात गेली असती आणि नंतर माझ्या हातात फुटली असती.

हळू काम होतं हे मान्यच. ज्याला ते झेपत नाही त्याने टरेट प्रेस घ्यावा, त्यात फिरत्या डोक्यावर डाय सगळे जागेवर बसलेले असतात पण पुंगळी एका वेळी एकच, त्यामुळे नजर हटत नाही. महिन्याला हजारावारी राउंड लागायला लागले की प्रोग्रेसिव्ह जरूर घ्या, माझा त्याला विरोध नाहीच. आणि "पैसे पाण्यात" तर अजिबात नाही, कारण बहुतेक प्रेसना ७/८-१४ आट्यांचेच डाय लागतात, आज घेतलेला कार्बाइड (कठीण धातूचा) डाय-सेट पुढच्या प्रेसवरही चालतो. डिलन कंपनीच्या स्क्वेअर डील बी सारखे काही प्रोग्रेसिव्ह मात्र स्वतःचेच डाय मागतात, ते आधी विचारून घ्या.

वजनकाट्याबद्दल लिहिलंय ते तर सरळ घातक आहे. पावडर मेजर आकारमान मोजतो, वजन नाही. हॉपरमध्ये (वरच्या पावडरच्या डब्यात) पावडर किती उरली, हँडल कसं आपटलं, दाणे चपटे की गोल, सगळ्याने फरक पडतो. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, आणि पिस्तुलाचा चार्ज अनेकदा पाच ग्रेनच्या आसपास, त्यात अर्धा ग्रेन चुकला तर १० टक्के चुकला! काटा हवाच, आणि तो तपासायला चेक वेट (ठरलेल्या वजनाची मापं) ही हवीत, डिजिटल काटा पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा आकडा बदलतो.

पुस्तकाचं म्हणाल तर पावडर कंपनीने स्वतः छापलेला डेटा नेटवरून घेतला तर काहीच हरकत नाही, पण कुणीतरी टाइप केलेला आकडा घेऊ नका, दशांश चिन्ह एक घर सरकलं की संपलं. पुस्तकात कुठली बुलेट, किती लांबी, सुरुवात कुठून, हे सगळं एकत्र असतं. भरलेल्या ९ एमएम काडतुसाची कमाल लांबी २९.६९ मिमी, पण बुलेट गरजेपेक्षा खोल बसली की आतली जागा घटते आणि दाब झपाट्याने चढतो, कारण ही पुंगळी मुळातच छोटी. म्हणजे कॅलिपर (लांबी अचूक मोजायचं साधन) लागणार. त्या मेसेजमध्ये कॅलिपरचा उल्लेखच नाही, चष्म्याचा नाही, आणि चुकलेलं काडतूस उघडायला जो बुलेट पुलर लागतो त्याचाही नाही.

खर्च वसूल? बहुतेकांचं होतं असं की राउंड स्वस्त पडला म्हणून जास्त झाडले जातात. हिशोब त्यावर मांडू नका.

एक गोष्ट मेसेजने पूर्ण गाळली ती शिसं. झाडलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं, टंबलरमधून (पुंगळ्या घासून साफ करणाऱ्या यंत्रातून) पुंगळ्या काढताना ती धूळ उडते, म्हणून ते काम घराबाहेर, मास्क लावून, आणि नंतर साबणाने हात धुवायचे. आणि टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा, दुसरा कपाटात, कुलूप लावून.